वाटेवर घडलेली मेंढी

दख्खनी मेंढी दिसायला देखणी नाही. अंगाने लहानखुरी, रंगाने बहुधा काळी किंवा काळी-पांढरी, पाय बारीक, कान लोंबते, लोकर राठ. वर्षाकाठी एका मेंढीची लोकर अर्ध्या किलोच्या आसपास भरते. मेरिनो मेंढी चार-पाच किलो देते आणि तीही मऊ. दख्खनी एका वेताला साधारण एकच कोकरू देते. सुंदरबनातली गारोळ मेंढी दोन-दोन, कधी तीनही देते. वजनात नेल्लोर तिच्या पुढे, उंचीत माडग्याळ पुढे. कागदावर रकाने आखून गुण द्यायला बसलं, तर ही मेंढी जवळपास प्रत्येक रकान्यात मागे पडेल. तरीही महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणच्या कोरड्या पठारावर पिढ्यानपिढ्या हीच पाळली गेली, आणि पाळणारे मेंढ्यांच्या बाबतीत अडाणी खासच नव्हते. मग चुकतंय कुठे? रकाने आखण्यात. त्यांत चालण्याचा रकानाच नाही.

जनावराची देशी जात नेमकी कशात राहते, एवढाच एक प्रश्न इथे सावकाश उलगडून पाहायचा आहे. ‘रक्तात’ हे उत्तर चटकन तोंडी येतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. जात तीन ठिकाणी मिळून राहते: जनावराच्या रक्तात, ते ज्या वाटेने चालतं त्या वाटेत, आणि कळपातला कोणता नर ठेवायचा हे ठरवणाऱ्या माणसाच्या हातात. या तिघांतलं एक काढून घेतलं, की उरलेली दोन फार दिवस तग धरत नाहीत.

आधी वाटेचं घेऊ. सह्याद्रीच्या पूर्वेला पावसाची सावली पडते. माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, सांगोला या पट्ट्यात वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. पावसाळ्यात माळावर पवना, मारवेल, कुसळी उगवते. दिवाळी येईतो माळ चरून तरी संपतो, नाहीतर वाळून तरी जातो. त्याच सुमाराला घाटाखाली कोकणात भाताची कापणी उरकलेली असते, खाचरं मोकळी होतात, बांधांवर आणि वरकस रानात चारा असतो. तेव्हा धनगरांचे वाडे निघतात. चार-सहा कुटुंबांची बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, थोड्या शेळ्या, ओझ्याची घोडी, कुत्री आणि कोंबड्या मिळून एक वाडा होतो. काही वाडे घाट उतरून कोकणात जातात, काही नदीकाठच्या बागायती पट्ट्याकडे वळतात.

कोकणातल्या शेतकऱ्याला मेंढरं हवी असतात ती खतासाठी. रात्री कळप त्याच्या खाचरात बसवला, की लेंडी आणि मूत थेट मातीत जातं. ना गाडी भरायची, ना खत पांगायचं. या मुक्कामाबद्दल पूर्वी धान्य मिळे, आता बहुतेक ठिकाणी पैसे मिळतात. पाऊस तोंडावर आला, की वाडे घाट चढून परत फिरतात. त्यामागे घराची ओढ असतेच, पण कारण तेवढंच नाही. कोकणात दोन-अडीच हजार मिलिमीटर आणि त्याहूनही जास्त पाऊस पडतो. त्या ओलीत मेंढीचे खूर सडतात, भिजलेली लोकर वाळत नाही आणि पाणथळ जागेतल्या गोगलगायींमुळे पसरणारा यकृतातला कृमी कळपात शिरतो. कधी निघायचं आणि कधी परतायचं, या दोन तारखांमध्ये चाऱ्याचं, शेतीचं आणि मेंढीच्या रोगांचं ज्ञान एकत्र गुंफलेलं असतं. ते कुठे लिहिलेलं नाही, पण दरवर्षी वापरात येतं.

आता या वाटेने मेंढीकडून काय काय मागितलं ते पाहा. वर्षाकाठी शेकडो किलोमीटर चालायचं, म्हणजे खूर टणक हवेत आणि अंग हलकं हवं. मोठ्या देहाला चारा जास्त लागतो, आणि उन्हाळ्यात दोन मुक्कामांमध्ये कधी कधी वाळलेला पाला आणि बाभळीच्या शेंगांपलीकडे काही मिळत नाही. घाटरस्त्यावरून, हल्ली महामार्गावरूनही, शेदोनशे जनावरं न्यायची म्हणजे कळप धरून चालण्याची खोड अंगात मुरलेली हवी. राठ आणि विरळ लोकरीचंही तसंच. कुसळीच्या माळावर मऊ, दाट लोकर म्हणजे संकट. कुसळं तिच्यात रुततात आणि कातडीपर्यंत पोचतात. आणि ते एकच कोकरू? मेंढी गाभण असताना चालते, वाटेत विते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू लागते. अर्धपोटी मेंढीच्या अंगावर दूध असतं ते एका पिल्लापुरतं. जुळं झालं तर बहुधा दोन्ही हडकतात. कागदावर उणीव म्हणून मांडली जाणारी जवळपास प्रत्येक गोष्ट वाटेवर उभं राहून पाहिली, की कसल्यातरी मागणीला दिलेलं उत्तर ठरते.

पण वाट फक्त चाळणी लावते. चाळून उरलेल्यांतून पुढची पिढी कोणाची हे माणूस ठरवतो. ते कसं, हे वाड्यावर दिवस मावळताना दिसतं. दिवसभर कळप रानात असतो. चालू न शकणारी लहान कोकरं मुक्कामावर, वाघरीच्या जाळीत. मेंढरं परतू लागली की दोन्हीकडून एकच कालवा उठतो. आया कोकरांना हाका मारतात, कोकरं आयांना. या गोंधळात वाड्यावरच्या बाया एकेक कोकरू उचलून त्याच्या आईला लावत जातात. बहुतेक कोकरं आपली आई आपणच शोधतात. काहींना आई जवळ घेत नाही, एखाद्याची आई मेलेली असते, एखादीच्या सडात दूधच उतरलेलं नसतं. अशा वेळी कोणती मेंढी परकं कोकरू पाजून घेईल, कोणतीला धरून उभं करावं लागेल, हे त्या बाईला तोंडपाठ असतं. शंभरांवर मेंढ्या तिला तोंडावळ्याने, रंगाने, आवाजाने ठाऊक असतात. कोण कोणाची लेक, कोणाचं हे कितवं वेत, गेल्या साली कोणाचं पिल्लू दगावलं, हेही. सरकारी फार्मवर जी माहिती कानातल्या बिल्ल्यावर आणि वंशावळीच्या वहीत असते, ती इथे रोज संध्याकाळी उजळणी होऊन माणसाच्या डोक्यात राहते.

नर निवडताना हीच माहिती कामी येते. नर कोकरं बहुतेक विकली जातात. वाड्याचं रोख उत्पन्न तेच. राखायचे असतात ते मोजके. राखायच्या नराचं अंग, पाय, तोंड पाहतात, पण त्याआधी त्याची आई पाहतात. तिला दूध किती होतं, ती दरसाल न चुकता गाभ धरते का, दुष्काळाच्या साली तिने पिल्लू जगवलं का, ती वाटेत मागे पडते का. रंगाकडेही लक्ष असतं, कारण काळ्या लोकरीच्या घोंगडीला रंगवावं लागत नाही. एकच नर कळपात फार वर्षं ठेवला तर तो आपल्याच लेकींवर जाईल, हे धनगराला ठाऊक असतं. म्हणून नर बदलले जातात, दुसऱ्या वाड्यावरून आणले जातात. आनुवंशशास्त्राच्या पुस्तकात ज्याला निवड म्हणतात ती हीच. फरक इतकाच की तिथे निवड एक-दोन गुणांवर होते, आणि इथे मेंढीचं अख्खं वर्ष नजरेसमोर असतं.

धनगरांच्या उत्पत्तीची एक जुनी कथा आहे. पहिली मेंढरं वारुळातून बाहेर पडली आणि लोकांच्या पिकात शिरून नासधूस करू लागली. शेतकरी महादेवाकडे गाऱ्हाणं घेऊन गेले, तेव्हा देवाने ती राखायला धनगर निर्माण केला. कथेतला क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: आधी मेंढी, मग शेतकऱ्याची तक्रार, आणि मग धनगर. मेंढी, शेत आणि मेंढका यांचा एकमेकांशी बांधलेला व्यवहार या समाजाने आपल्या जन्मकथेतच नोंदवून ठेवला आहे.

जात रक्त, वाट आणि हात या तिन्हींत मिळून राहते, हा विचार खरा आहे की नुसता गोड, हे तपासायला तीन उदाहरणं पुरेत.

पहिलं विलायती मेंढ्यांचं. दख्खनीची लोकर सुधारावी म्हणून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी पातळीवर रॅम्बूलेट आणि मेरिनो नरांशी संकर करण्याचे प्रयत्न झाले. फार्मवर, दावणीच्या चाऱ्यावर संकरित पिल्लांची लोकर सुधारली. ती पिल्लं चालत्या कळपांत मात्र रुजली नाहीत. त्यांचं रक्त बदललं होतं. वाट तीच होती, आणि निवडणारे हातही तेच.

दुसरं फलटणचं. निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोळ मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणलं. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनोत सापडलेलं फेक-बी ते हेच. गारोळ दलदलीत चरणारी, अगदी चिमुकली मेंढी; तिचा देह इथे कामाचा नव्हता. म्हणून संकरानंतर पिल्लं पुन्हापुन्हा दख्खनीशीच जुळवत नेली आणि गारोळचं ते एक जनुक ठेवून बाकीचं अंग दख्खनीच राखलं. त्यातून ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार झाला आणि धनगरांच्या प्रत्यक्ष कळपांत त्याची परीक्षा झाली. प्रयोगाला यश आलं, कारण शास्त्रज्ञांनी स्थानिक देह आणि स्थानिक पाळणारा, दोघांनाही गृहीत न धरता बरोबर घेतलं. तरी वाटेचा प्रश्न उरतोच. जुळी झाली की वरचं दूध, जास्तीचा खुराक आणि जास्तीची देखभाल लागते, आणि ते काम बहुधा वाड्यावरच्या बाईच्याच अंगावर पडतं. त्यामुळे जो कळप कमी फिरतो, ज्याला मुक्कामी चारा मिळतो, त्याला हे जुळं परवडतं. लांबच्या पल्ल्याच्या वाड्याला एकच कोकरू अजूनही शहाणपणाचं वाटलं तर त्याला मागासलेला म्हणता येणार नाही.

तिसरं उदाहरण मेंढीचं नाहीच, घोड्याचं आहे. मराठ्यांच्या घोडदळाने नावाजलेलं भीमा खोऱ्यातलं भीमथडी तट्टू इतिहासजमा झालं असाच अनेकांचा समज होता. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मधल्या काळात हा घोडा राहिला होता कुठे? प्रामुख्याने धनगरांच्या वाड्यांवर. तळ हलला की भांडीकुंडी, वाघर, तंबूचं कापड, कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरं त्याच्या पाठीवर चढत. कोणी त्याचं संवर्धन करत नव्हतं; त्याच्यावाचून बिऱ्हाड पुढे सरकत नव्हतं, म्हणून तो उरला. फौज मोडली आणि त्याचं एक काम गेलं. वाट होती, म्हणून त्याला दुसरं काम मिळालं.

हे एकट्या दख्खन पठाराचंही नाही. के. सी. मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी धनगरांच्या वेगवेगळ्या पोटसमाजांचा अभ्यास केला, तेव्हा एक नेटकी वाटणी दिसली: कोरड्या पठारावर हटकरांची मेंढरं, सह्याद्रीच्या माथ्यावर, भरपावसात गवळी धनगरांच्या म्हशी. मुलूख बदलला की जनावर बदलतं आणि त्याबरोबर पाळणारा समाजही. थोडं उत्तरेला अकोले-इगतपुरीच्या डोंगरात डांगी गाय आहे. तिच्या कातडीला तेलकट ओशटपणा असतो, त्यामुळे धो धो पावसातही ती उघड्यावर चरते. कच्छच्या बन्नीत मालधारी पशुपालक म्हशींना रात्री चरायला सोडतात आणि पहाटे त्या आपण होऊन वस्तीवर परततात. 2010 साली बन्नी म्हशीची वेगळी जात म्हणून नोंद झाली, ती मालधारींनी संघटित होऊन मागणी लावून धरल्यावर. रात्रीचं चरणं हा त्या म्हशीचा गुण आहे, आणि मोकळं गवताळ रान असेतोवरच तो गुण आहे. उद्या बन्नीची म्हैस शहराजवळच्या गोठ्यात बांधली, तर दूध ती देईल. पण रात्री रानात जाऊन पहाटे घरी येणारी म्हैस दोन-चार पिढ्यांत उरणार नाही, कारण त्या गुणासाठी तिला कोणी निवडणारच नाही.

यावर एक रास्त हरकत घेता येईल. धनगर स्वतःच दख्खनी शुद्ध ठेवत नाहीत, त्याचं काय? आज पुष्कळ कळपांत माडग्याळ किंवा दक्षिणेकडचे बिनलोकरीचे उंच नर दिसतात. यालाच संवर्धन म्हणायचं का?

याचं उत्तर बाजारात आहे. दख्खनी मेंढीचा संसार पूर्वी दोन पायांवर उभा होता, मांस आणि लोकर. लोकर सनगरांकडे जाई. ते चिंचोक्याची खळ देऊन, खड्ड्याच्या मागावर तिची घोंगडी विणत. राखणीला, पेरणीला, पावसात डोक्यावर खोळ म्हणून, देवकार्यात बैठक म्हणून घोंगडी घरोघर लागे. स्वस्त ब्लँकेट आणि प्लास्टिकचे कागद आले आणि लोकरीचा भाव इतका पडला, की कित्येक ठिकाणी कातरण्याची मजुरीसुद्धा सुटेना. तेव्हा लोकर हा गुण निवडीतून आपोआप गळला आणि वजन वर आलं. धनगर चुकला नाही. बाजाराने विचारलेल्या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं. आणि हे उत्तर देतानाही तो माद्या बऱ्याचदा दख्खनीच ठेवतो, कारण चालायचं त्यांनाच असतं. जात म्हणजे काचेच्या कपाटातली वस्तू नाही. ती आजवर बदलत आली, पुढेही बदलेल. प्रश्न इतकाच की तो बदल वाटेची मागणी ऐकून होतो आहे, की फक्त खाटकाच्या काट्याची. घोंगडीला आणि राठ लोकरीच्या इतर वस्तूंना भाव मिळाला, तर काळा नर पुन्हा राखला जाईल. त्यासाठी धनगराला व्याख्यान द्यावं लागणार नाही.

जाती वाचवण्याचा दुसरा मार्ग प्रयोगशाळेतला: वीर्य आणि गर्भ द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवणं. हे काम करावंच. साथ आली, कळपच्या कळप गेले, तर तो विमा उपयोगी पडेल. पण गोठवलेलं बीज जिथे थांबलं तिथेच राहतं. बाहेर ऊन वाढतं, पाऊस लहरी होतो, नवे रोग येतात, कुरणांत परके तण माजतात. चालता कळप दर वर्षी या सगळ्याची परीक्षा देतो आणि नापास झालेले मागे टाकत पुढे सरकतो. शिवाय तीस वर्षांनी ते बीज वितळवून कोकरू जन्माला घातलं, तरी त्याला कोणत्या माळावर न्यायचं, पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर लगेच सोडलं तर आंत्रविषाराने मेंढरं पटापट मरतात म्हणून कसं आवरायचं, आणि घाट कोणत्या आठवड्यात उतरायचा, हे सांगणारं कोणी उरलेलं असायला हवं.

म्हणून जात वाचवायची म्हणजे वाट आणि निवडणारा हात वाचवायचे. आज दोन्ही एकदम आखडत चालले आहेत. कालव्याखाली ऊस आला तशी मेंढरं बसवायची रिकामी शेतं कमी झाली. गायरानांवर अतिक्रमणं आणि प्रकल्प आले. गवताळ माळ सरकारी नोंदीत ‘पडीक’ ठरले आणि कुठे वृक्षारोपणाच्या नावाने खड्डे खणून, कुंपणं घालून बंद झाले. झाडं लावणं पुण्याचं खरं, पण जो मुलूख मुळात गवताचाच आहे तिथे ती लावून ना धड जंगल होतं, ना गवत राहतं. वाड्यावरची मुलं शाळेत जाऊ लागली हे चांगलंच झालं. पण शाळा एका जागी आणि वाडा चालता, म्हणून मूल शिकलं की वाटेवरून उतरतं. आपल्याला देशी जात हवी म्हणून धनगराच्या पोरांनी अडाणी आणि उघड्यावर राहावं, असं म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्यांना शिकूनही मेंढ्या राखाव्याशा वाटतील इतका हा धंदा परवडला पाहिजे.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये फिरत्या पशुपालकांचे चराईचे आणि हंगामी वापराचे हक्क स्पष्ट नमूद आहेत. जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्कही आहे. पण अनुसूचित जमातीत नसलेल्या समाजाला तीन पिढ्यांच्या, म्हणजे 75 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. जो समाज वर्षातला मोठा काळ एका जागी राहतच नाही, त्याने वास्तव्याचा कागद आणायचा कुठून? 2024 च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत पशुपालक समाजांच्या जनावरांची पहिल्यांदाच वेगळी नोंद घ्यायचं ठरलं, आणि 2026 हे संयुक्त राष्ट्रांनी गवताळ राने आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. मोजदाद ही चांगली सुरुवात आहे. पण मेंढ्या मोजून झाल्यावर त्यांच्या वाटाही मोजाव्या लागतील: कोणता वाडा कोणत्या घाटाने उतरतो, कुठे पाणी पाजतो, कोणत्या गायरानात किती दिवस थांबतो, लस त्याला कोणत्या मुक्कामी मिळेल, याचे नकाशे तालुक्याच्या दप्तरात लागले पाहिजेत.

दख्खनी मेंढीसाठी नवा फार्म काढण्याआधी घाटाखालच्या आणि घाटावरच्या ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतला मेंढरांचा जुना रस्ता आणि गायरान मोकळं ठेवण्याचा ठराव करावा. फार्म त्यानंतर काढला तरी चालेल. रस्ता एकदा बंद झाला, तर फार्ममधल्या मेंढीला दख्खनी हे नाव तेवढं उरेल.